एसपीएफ पास, डीकेआयएम पास, मी नापास

नोकरीच्या नावाखाली मला फसवणाऱ्या मेलचे हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची तांत्रिक नोंद, मी उघडून पाहिले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हा प्रकार सांगितला त्याने पहिलं हेच विचारलं, "अरे, तू तर सायबर सिक्युरिटीवाला ना?"

२०२४ मध्ये मी आयएससीटू या सायबर सुरक्षेतल्या संस्थेची 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' ही परीक्षा दिली. ट्रेनिंग फुकट, परीक्षा फुकट, पास झाल्यावर वर्षाचे ५० डॉलर तेवढे भरायचे. तेव्हा २ तासांत १०० प्रश्न असायचे आणि १००० पैकी ७०० गुण लागायचे. पास झालो, लिंक्डइनवर बॅज लावला आणि वाट बघत बसलो. सॉक अ‍ॅनालिस्ट एल-१ च्या (कंपनीवरच्या सायबर हल्ल्यांवर नजर ठेवायचं पहिल्या पायरीचं काम) जाहिरातींवर 'फ्रेशर' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात एक-दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. पाच महिने हेच. कर्वेनगरच्या खोलीचं भाडं बाबा बार्शीहून पाठवत होते, आणि दर फोनला "काही घाई नाही" म्हणत होते. ते ऐकलं की जास्तच घाई व्हायची.

अशात एका मोठ्या आयटी कंपनीच्या 'एचआर मॅडम'चा फोन आला. रेझ्युमे जॉब पोर्टलवरून मिळाला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गूगल मीटवर मुलाखत. समोरच्याचा कॅमेरा बंद, "बँडविड्थचा प्रॉब्लेम आहे." पण प्रश्न अगदी बरोबर होते. आयडीएस आणि आयपीएसमध्ये फरक काय, ३३८९ पोर्ट कशाचा, फिशिंगचा, म्हणजे खोट्या मेलने फसवण्याचा, अलर्ट आला तर आधी काय बघशील. मी घडाघडा सांगितलं. फिशिंगवरचं माझं उत्तर त्या माणसाला फारच आवडलं. आता हसू येतं, तेव्हा छाती फुगली होती.

संध्याकाळी ऑफर लेटर. वर्षाला ४ लाख २० हजार, रोटेशनल शिफ्ट, लोगो, सही, शिक्का. इथेच मी हुशारी केली. हेडर उघडले. मेल खरंच त्या डोमेनवरून (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरून) आलाय का, हे तपासणाऱ्या दोन चाचण्या असतात: एसपीएफ पास, डीकेआयएम पास. झालं, मेल खरा!

तो खराच होता. त्या डोमेनवरूनच आला होता. फक्त ते डोमेन कंपनीचं नव्हतं. कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'करिअर्स' जोडून त्यांनी स्वतःच घेतलेलं होतं. स्वतःच्या डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम लावायला कितीसा वेळ लागतो? मेल या डोमेनचाच आहे एवढंच ते सांगतात, डोमेन कुणाचं हे नाही. परीक्षेत हे विचारलं असतं तर माझं उत्तर चुकलं नसतं.

मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे २,४९९ मागितले, पहिल्या पगारात परत मिळणारे. भरले. दोन दिवसांनी लॅपटॉपचं डिपॉझिट १४,५००. यूपीआयवर कंपनीऐवजी एका बाईचं नाव दिसलं. विचारलं तर "आमच्या व्हेंडर आहेत." तेही भरले, आणि पैसे बाबांकडून घेतलेले. त्याच रात्री ट्रेनिंग बॉन्डचे २१,००० मागितले, सकाळी ११ च्या आत. तेव्हा कुठे रूममेटने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि डोमेन कधी नोंदवलं ते दाखवणारं हूइज टाकलं. डोमेन १७ दिवसांपूर्वी नोंदवलेलं होतं. मग खऱ्या कंपनीच्या करिअर पानावर गेलो. तिथे तळाशी स्पष्ट लिहिलेलं: नोकरीसाठी आम्ही कुठलेही पैसे घेत नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

रात्री ११ ला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. ट्रान्झॅक्शन आयडी, बँक, वेळ, सगळं हाताशी ठेवून करा, शोधत बसलात तर तेवढ्यात पैसा पुढच्या खात्यात जातो. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर स्क्रीनशॉटसकट तक्रार भरली. दुसऱ्या हप्त्यातले ६,२०० एका खात्यात अडवले गेले, बाकीचे निघून गेले होते. अडवलेले पैसे सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा पोलीस ठाण्यात सांगितलं. तिथल्या हवालदारसाहेबांनी माझं शिक्षण विचारलं, मी "बीएस्सी" एवढंच म्हणालो.

'एचआर मॅडम'ला नाही म्हटल्यावर त्यांनी ऑफर रद्द करून माझं नाव 'ब्लॅकलिस्ट' करायची धमकी दिली. घाबरू नका, त्यांच्याकडे कसलीही लिस्ट नसते. आधार, पॅन आणि मार्कशीटच्या प्रती मात्र त्यांच्याकडे गेल्या आहेत. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये नवं कर्ज दिसतंय का, हे अधूनमधून पाहतो.

बाबांनी ऑफर लेटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला होता, तो २४ तासांनी आपोआप गेला. आईने मात्र त्याच दिवशी अर्धा किलो पेढे आणून गल्लीत वाटले होते. समोरच्या काकू अजून विचारतात, "जॉइन कधी होतोय मुलगा?" आई सांगते, तारीख पुढे ढकललीय.