बाळंतपणातलं ओसीडी: आधी जुनं दुःख, की आधी ईआरपी?

ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हापुन्हा डोक्यात घुसणं आणि ती भीती शमवायला तीच कृती पुन्हापुन्हा करणं. ईआरपी ही त्यावरची थेरपी: भीतीला सामोरं जायचं, पण ती शमवणारी कृती करायची नाही. गोळ्यांचा प्रश्न बाजूला ठेवते. सर्ट्रालीन हे ओसीडीवरचं औषध दुधात फार थोडं उतरतं, अंगावर पाजणाऱ्या आयांनाही ते दिलं जातं, पण तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. इथे बोलायचंय ते थेरपीबद्दल.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला मुलगी सुखरूप आली आणि डोक्यात नको ते घुसायला लागलं: विळी, रक्त, माझेच हात. आधीचे आघात असलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं, म्हणून मूळ तिथेच असेल, आधी त्यावर बोलावं, असं वाटणं साहजिक आहे. समुपदेशनात मला पोटभर रडता आलं. ‘झालं ना आता सगळं नीट, मागचं कशाला उगाळतेस’ हे तिथे कुणी म्हणालं नाही. ते मोल कमी नाही.

खटकलं ते एकच. दर वेळी मी विचारायची, “माझ्या हातून तिला काही होणार नाही ना?” समुपदेशक बाई मायेने म्हणायच्या, “एवढं जपता, तुमच्याकडून कसं होईल?” जीव भांड्यात पडायचा, पण दिवेलागणीपर्यंतच. मग तोच प्रश्न नवऱ्याला, मग आईला फोन. ओसीडीत अशी खात्री मागणं हे पुन्हापुन्हा हात धुण्यासारखंच असतं. जितकी मिळेल तितकी कमी पडते. समुपदेशनाचा तासही त्या फेऱ्यात सामील झाला होता.

ईआरपीत तो प्रश्नच अनुत्तरित ठेवतात. सुरुवात जड जाते, हे आधीच सांगते. माळ्यावर टाकलेली विळी खाली आली. आधी मुलगी आतल्या खोलीत असताना कांदा चिरायचा, नंतर पाळणा स्वयंपाकघरात घेऊन. छाती धडधडली तरी मध्येच उठायचं नाही, मनात ‘मी चांगली आई आहे’ घोकायचं नाही. नवऱ्यालाही शिकवलं: “याचं उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.” सगळ्यात जास्त फरक बहुधा त्यानेच पडला. पहिल्या बाळाबद्दल मी नंतर पुन्हा समुपदेशनाला गेले, तेव्हा तो तास खरोखर त्या बाळाचा झाला.

प्रत्येकीला हाच क्रम लागू पडेल असं नाही. ‘पुढे काय होईल’पेक्षा घडलेला प्रसंगच डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहत असेल, तर आघातावरचे उपचार आधी किंवा सोबत लागू शकतात. निवड तुमच्या हातात असेल तर मी ईआरपी आधी म्हणेन. अपॉइंटमेंट घेतानाच “ईआरपीचं प्रशिक्षण आहे का?” असं स्पष्ट विचारा, कारण असे थेरपिस्ट कमी आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडी क्लिनिक आहे आणि आई-बाळाचा वेगळा वॉर्डही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

पण विचार घाबरवण्याऐवजी बरोबरच वाटायला लागले, आवाज ऐकू आले, झोप न लागताही अंगात विलक्षण जोर वाटला, तर ही तुलना वाचत बसू नका. घरच्यांनी बाईला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं.