पियानो पुण्याहून धुळ्याला आणताना आमची झालेली फसवणूक

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे पियानो किंवा तसंच एखादं जड आणि नाजूक सामान मागवणार असाल, तर हे जरूर वाचा. आमचं नुकसान झालं ते झालं, पण ज्या पद्धतीने आम्हाला गुंडाळलं ती ठरवून बसवलेली पद्धत आहे. उद्या ती तुमच्यावरही वापरली जाईल.

पुण्याच्या माझ्या आतेबहिणीने तिचा उभा पियानो माझ्या मुलीला दिला. मुलगी इथे देवपुरात कीबोर्डवर शिकते. आपल्याकडे खरा पियानो बघायलाही सहसा मिळत नाही, त्यामुळे घरात किती आनंद होता ते सांगायला नको. नेटवर ‘पियानो शिफ्टिंग स्पेशालिस्ट’ म्हणून जाहिरात होती, पुण्यात आणि धुळ्यात दोन्हीकडे ऑफिस असल्याचं लिहिलं होतं. फोनवरचा माणूस अतिशय गोड बोलला. १६,५०० रुपये भाडं, फक्त पियानोसाठी वेगळी गाडी, चार अनुभवी माणसं. वर दीड लाखाच्या किमतीवर तीन टक्के इन्शुरन्स, म्हणजे ४,५०० रुपये. हे सगळं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहूनही दिलं. धुळ्यातल्या ‘ऑफिस’च्या पत्त्यावर नंतर मी गेलो, तर तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं. त्या दुकानदाराने या कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

एक गोष्ट मला नंतर पियानोच्या ट्यूनरने, म्हणजे त्याचे सूर जुळवून देणाऱ्या कारागिराने, समजावली. पियानो नेणारा खरा माणूस भाव सांगायच्या आधी प्रश्न विचारतो. उभा आहे की ग्रँड (आडवा पसरलेला मोठा), कितवा मजला, लिफ्टचं दार किती रुंद, जिन्याला वळण कुठे. कारण साधा उभा पियानोसुद्धा दोन-अडीचशे किलोंचा असतो. आत बिडाची जाड चौकट असते आणि दोनशेच्या वर तारा मिळून तिच्यावर १५ ते २० टनांचा ताण असतो. खालची छोटी चाकं खोलीत इंच-दोन इंच सरकवण्यापुरती असतात, रस्त्यावरून ढकलत न्यायला नाहीत. पियानो उभाच ठेवायचा, ब्लँकेटात गुंडाळायचा, चाकाच्या पाटावर घ्यायचा आणि गाडीच्या भिंतीला पट्ट्यांनी आवळायचा. आमच्या या ‘स्पेशालिस्ट’ने मजलासुद्धा विचारला नव्हता.

पुण्यात गाडी आली ती आधीच अर्धी भरलेली, दुसऱ्या कुणाच्या कपाटांनी आणि गाद्यांनी. माणसं दोन, तीही सकाळी मजूर अड्ड्यावरून उचललेली. आतेबहीण ओरडत असतानाच त्यांनी पियानो गाद्यांवर पाठीवर आडवा टाकला. नशिबाने तिने माझ्या मुलीला पाठवायला म्हणून निघण्याआधी पियानो वाजवून व्हिडिओ केला होता आणि गाडीत टाकतानाचाही केला. आज आमच्या हातात जे काही आहे ते त्या दोन व्हिडिओंमुळेच.

बिल्टी, म्हणजे वाहतुकीला माल दिल्याची पावती, तिच्या हातात दिली ती फाळका लावून गाडी सुरू केल्यावर. तिच्यावर लिहिलेलं होतं: घरगुती सामान, एक नग, भाडं २,५००. पियानो हा शब्दच नाही, किंमत लिहायचा रकाना रिकामा. उरलेले पैसे ‘लेबर’ म्हणून कुणा एका माणसाच्या खात्यावर मागून घेतले होते. खरा डाव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. त्यांत मालाची नुकसानभरपाई साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित आहे. जास्त किमतीचा माल असेल तर ती आधी जाहीर करून लिहून घ्यावी लागते. आता १६,५०० ची दहापट आणि २,५०० ची दहापट यातला फरक तुम्हीच बघा. भाडं कागदावर कमी दाखवून त्यांनी आमचा हक्क आधीच कापून टाकला होता.

इन्शुरन्सचंही तेच. पॉलिसी नंबर मागितला की ‘साहेब, कंपनीचं अंतर्गत असतं’ हे उत्तर. अंतर्गत इन्शुरन्स असा काही प्रकार नसतो. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि मालाचं वर्णन असलेला कागद हातात नसेल, तर ते तीन टक्के सरळ त्यांच्या खिशात गेले समजा.

मालेगावात आम्हाला न विचारता माल दुसऱ्या टेम्पोत टाकला. मग लळिंगजवळ ढाब्यावर गाडी उभी करून ड्रायव्हरचा फोन: अजून ९,००० टाका, नाहीतर माल परत मालेगावला. कशाचे, तर जादा वजन, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) आणि जकात. जकात! २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईचीसुद्धा जकात बंद झाली. मी त्याला सांगितलं की वाहतुकीला दिलेला माल दाबून ठेवणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये माल वाहून नेणाऱ्याला त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मी ११२ ला फोन लावतोय. तेव्हा आकडा ५,००० वर आला. उन्हाने पत्रा तापलेला, आत पियानो. ‘ही रक्कम नाइलाजाने, हरकत नोंदवून देत आहे’ असा मेसेज आधी पाठवला आणि मगच पैसे टाकले. असा मेसेज कुणीही विसरू नये.

उतरवायला दोनच पोरं, हातात सुताचा दोर. शेजारचे अण्णा बघून म्हणाले, “भाऊ, हाई काम यास्नं नही.” आम्ही गल्लीतली सहा-सात माणसं लागलो तेव्हा पियानो ओट्यावर आला. पुढचा एक पाय मुळातून उखडलेला होता. वरचं झाकण उघडलं तर हातोड्यांच्या बारीक लाकडी काड्या तुटून खाली पडलेल्या, काहींना पांढरा नमदा तसाच चिकटलेला. मुलीने मधली एक पट्टी दाबली, ती खाली गेली आणि वर आलीच नाही. ती काही बोलली नाही, आत निघून गेली.

कंपनीचं म्हणणं, माल जुनाच होता, आधीच फुटलेला. नाशिकहून बोलावलेल्या ट्यूनरने मागच्या लाकडी फळीवरची चीर टॉर्च मारून दाखवली. पियानोचा आवाज घुमतो तो याच फळीमुळे. जुन्या चिरेत धूळ बसून ती काळी पडते, ही आतून पांढरीस्वच्छ होती. त्याने तसं सहीनिशी लिहून दिलं, फोटोंसकट. हा अहवाल पाठवल्यावर कंपनीने आमचे नंबर ब्लॉक केले.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. वाहतुकीच्या कायद्यातली लेखी नोटीस मात्र माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ‘भरपाई देतो, थोडं थांबा’ म्हणत हे लोक नेमके तेवढेच दिवस काढायला बघतात.

आमचं प्रकरण अजून चालू आहे. तुमच्यापैकी कुणाचा माल सध्या असाच अडकला असेल, तर बिल्टीचा फोटो, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि सगळे मेसेज आजच दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवा. आमच्याशी बोलणाऱ्या माणसाने त्याच्या बाजूचे मेसेज एका रात्रीत डिलीट केले होते.