डक्ट कूलर, आर्द्रता बघणारा थर्मोस्टॅट आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट : चार महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीच्या शेवटी कूलर बसवला, आता पावसाळा तोंडावर आलाय. मे महिन्यातल्या त्या दिवशीच लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं म्हणून थांबलो. राग अजून पुरता गेलेला नाही.

घर नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, वरचा मजला. धाकट्याचा दर एप्रिलमध्ये घोळणा फुटतो. एसी लावला की हवा आणखी कोरडी होते आणि सकाळी उशीला रक्ताचे डाग दिसतात. म्हणून गच्चीवर डक्ट कूलर, हॉल आणि दोन्ही बेडरूममध्ये ग्रिल, आणि पॅसेजच्या भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दोन्ही बघून पंप-पंखा चालवणारा वाय-फाय थर्मोस्टॅट. कूलरचे आकडे सगळीकडे मिळतात, ते पुन्हा देत नाही.

गारव्याबद्दल तक्रार नाही. बाहेर 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असली की ग्रिलमधून 26-27 अंशांची हवा येते. खिडक्या मात्र बोटभर उघड्या हव्यातच, नाहीतर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि घर दमट होतं. थर्मोस्टॅट आधी पंप चालू करतो, तीन मिनिटं पॅड भिजू देतो, मग पंखा. आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की पंप बंद, पंखा चालूच. पहाटे पंप थांबल्यावर वीस मिनिटं नुसता पंखा, त्यामुळे पॅड वाळतं आणि कुबट वास येत नाही. हे सगळं मला मनापासून आवडलं.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यात एका रविवारी आम्ही सिन्नरला लग्नाला गेलो. निघताना फोनवरून कूलर बंद केला, ॲपवर ‘बंद’ असं आलंसुद्धा. संध्याकाळी साडेसहाला दार उघडलं तर घराची भट्टी झालेली. पंप बंद होता, पण पंखा दिवसभर चालू होता आणि गच्चीवरची तापलेली हवा घरात ढकलत होता. गच्चीवर गेलो तर पॅड पापडासारखं कडक, मोटारला हात लावून ठेवता येईना, आणि वाइंडिंग तापल्याचा वास. फोनवर अजूनही ‘बंद’. शेवटी एमसीबी पाडला तेव्हा पंखा थांबला.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. थर्मोस्टॅट कानाजवळ धरून हलवला, ‘रिले (म्हणजे आतला पंखा चालू-बंद करणारा छोटा स्विच) गेला’ म्हणाला आणि नवा थर्मोस्टॅट बसवायचे पैसे सांगितले. वॉरंटी? ‘लोड जास्त होता, ती लागू नाही.’ वर व्हिजिट चार्ज 1,180 रुपये. लोड जोडला कोणी? त्यांच्याच वायरमनने! पंख्याची फेज थेट थर्मोस्टॅटच्या टर्मिनलमधून नेलेली. रिलेमधल्या जुळणाऱ्या-सुटणाऱ्या पट्टीची, म्हणजे कॉन्टॅक्टची क्षमता 3 अँपिअर, आणि तीही मोटारसाठी नाही, हीटर किंवा बल्बसारख्या साध्या लोडसाठी. माझी अर्ध्या एचपीची मोटार क्लॅम्प मीटरवर 2.8 दाखवते. चालू होताना ती काही क्षण त्याच्या पाच-सहापट खेचते. दिवसातून पंधरा-वीस वेळा ती ठिणगी त्या इवल्याशा कॉन्टॅक्टवर पडत होती. तो चिकटणारच होता, आणि चिकटला की ‘बंद’ म्हटलं तरी पंखा चालूच राहतो.

हे मला कंपनीने नाही, माझ्या भावाने समजावलं. तो मिनियापोलिसला असतो. तिथे थंडीत बाहेरची हवा आत घेऊन तापवली की ती अतिशय कोरडी होते, म्हणून फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीच्या, डक्टवरच हवा दमट करणारा ह्युमिडिफायर असतो. पॅडवर पाणी झिरपतं, ब्लोअरची, म्हणजे फर्नेसच्या पंख्याची, हवा त्यातून जाते. म्हणजे आपल्या कूलरचाच भाऊबंद. तो म्हणाला, “दादा, आमच्या थर्मोस्टॅटमधून मोटारचा करंट जातच नाही. भिंतीतल्या बारीक तारांत 24 व्होल्ट फक्त. पाण्याचा व्हॉल्व्ह त्याच 24 व्होल्टवर उघडतो, आणि ब्लोअरला फर्नेसमधला रिले चालू करतो. थर्मोस्टॅटने नुसता इशारा करायचा.” हुकमाची तार वेगळी आणि ताकदीची तार वेगळी, एवढी साधी गोष्ट. आमच्याकडे दोन्ही एकाच टर्मिनलवर कोंबल्या होत्या.

मग अंबड एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या मित्राला बोलावलं. रविवार कारंजाजवळच्या दुकानातून 230 व्होल्ट कॉइलचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारचा लोड झेपणारा मोठा रिले आणला, 650 रुपये. आता थर्मोस्टॅट फक्त कॉइलला फेज देतो, पंख्याचा लोड कॉन्टॅक्टर उचलतो. ‘खट्’ असा आवाज गच्चीच्या दारापर्यंत ऐकू येतो आणि तो ऐकला की मला बरं वाटतं. साडेसहाशे रुपयांची वस्तू पहिल्याच दिवशी लावली असती तर 6,500 चा थर्मोस्टॅट गेला नसता. ते पैसे मला अजून खुपतात.

एक मत मात्र बदलावं लागलं. मार्चमध्ये मी ज्याला त्याला सांगत होतो की याचा आर्द्रतेचा सेन्सर खोटा आहे, दहा मिनिटांत 60 दाखवून पंप बंद करतो. मग घरीच तपासलं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी घालून ओलसर गोळा केला आणि साध्या आर्द्रतामापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवला. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने 73 दाखवलं, म्हणजे दोनच टक्के कमी. तो मापक थर्मोस्टॅटशेजारी ठेवला तर दोघांचं जुळलं. सेन्सर खरा होता, जागा चुकीची होती : पॅसेजमध्ये हॉलच्या ग्रिलचा झोत थेट त्याच्यावर येत होता. चार फूट सरकवल्यापासून पंप व्यवस्थित चालतो. त्याबद्दल कंपनीला उगाच बोल लावला होता, तो शब्द मागे घेतो.

पाण्याचं थोडक्यात : बोअरचं पाणी वापरलं तेव्हा महिन्याभरात पॅडवर पांढरा थर आला. आता महापालिकेचं पाणी वापरतो, तरी आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करतो, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

गेल्या आठवड्यात वळीव पडला. हवा 32 अंश आणि आर्द्रता 75 असली की कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो, म्हणून पंपाची लाइन काढून ठेवली आहे आणि पंखा फक्त हवा खेळती ठेवायला लावतो. धाकट्याचा घोळणा या उन्हाळ्यात एकदाच फुटला, तोही आम्ही गावाला होतो तेव्हा.

तुमच्याकडे असं काही बसवत असतील तर वायरमनला आधी एवढंच विचारा, मोटारची फेज कुठून जाणार? ‘थर्मोस्टॅटमधूनच’ असं उत्तर आलं तर काम तिथेच थांबवा. माझे 1,180 परत मिळावेत म्हणून मी क्लॅम्प मीटरच्या फोटोसह लेखी तक्रार दिली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.