क्वार्टझसाइटला घेतलेल्या दोन बॅटऱ्या

पहाटे साडेतीनला मला जाग आली ती ह्यांच्या घोरण्यानं. सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) आल्यापासून चार वर्षं ते घोरणं मी ऐकलं नव्हतं. मशीन बंद होतं, मास्क उशीपाशी पडला होता आणि मधेमधे ह्यांचा श्वास अडकत होता. हीटरही बंद. बाहेर ३४ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम एक अंश सेल्सिअस. टाकीत प्रोपेन भरपूर होता, पण हीटरचा पंखा चालतो बॅटरीवर आणि बॅटऱ्या संपल्या होत्या. आठवड्यापूर्वी घेतलेल्या, 'नव्याकोऱ्या' बॅटऱ्या.

निवृत्तीनंतर ओहायोतलं घर विकून आम्ही ट्रेलरमध्ये राहतो. हिवाळा ॲरिझोनात. तिथल्या क्वार्टझसाइट गावाच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी जमीन आहे. हंगामाचा परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथे राहता येतं. ट्रेलरपाशी वीज नाही, नळ नाही. सगळं सोलर आणि बॅटरीवर. पण दार उघडलं की ओकोटियोची काटेरी झुडपं आणि सग्वारोचे उंच निवडुंग, आणि तासाभरात कोफाच्या डोंगरात पोचता येतं. आदल्याच दिवशी आम्ही पाम कॅन्यनला जाऊन आलो होतो. वाट लहान, पण दगडधोंड्यांची. वर उभ्या कड्याच्या भेगेत रानातले पाम पाहिले, आणि पिठलंभात खाऊन नऊलाच आडवे झालो.

बॅटऱ्या विकणारा माणूस पिकअप घेऊन तळावर फिरायचा. बोलायला गोड, ह्यांना 'सर' म्हणायचा. शंभर ॲम्पियर-अवरच्या (बॅटरीत वीज किती मावते त्याचं हे माप) दोन लिथियम बॅटऱ्या, बसवून ५५० डॉलर. कार्ड घेतलं तर तीन टक्के जास्त लागतील म्हणाला, म्हणून आम्ही रोख दिले. जुन्या लेडच्या, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्याही "मी टाकून देतो" म्हणून घेऊन गेला. त्या भंगारात विकल्या जातात, हे नंतर कळलं.

बसवल्यावर त्यानं मीटर लावून दाखवला: १३.३ व्होल्ट. "फुल आहे, सर." आम्ही खरंच खूश झालो. इथेच आम्ही फसलो, म्हणून हे नीट वाचा. लेडच्या बॅटरीत व्होल्टेज उतरत जातं, त्यावरून अंदाज येतो. ह्या प्रकारच्या लिथियम बॅटरीचं (लिथियम आयर्न फॉस्फेट) व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम पडतं. शिवाय व्होल्टेजवरून चार्जचा अंदाज येईल, बॅटरीत मावतं किती ते नाही. पेला भरलेला दिसला म्हणून तो लिटरभराचा ठरत नाही.

पहिले काही दिवस रात्री उबदार होत्या, हीटर लागलाच नाही. त्या पहाटेनंतर फोन केला तर म्हणाला, तुमचा चार्जर जुना आहे, बॅटरी पूर्ण भरत नाही. हे पटण्यासारखं होतं, कारण लिथियमला वेगळा चार्जर लागतो हे खरंच. आम्ही २०० डॉलरचा नवा चार्जर घेतला. पुढच्या थंड रात्री तेच. मग त्याचा फोन लागेनासा झाला.

शेजारच्या ट्रेलरमधले एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी बॅटरी पूर्ण भरली आणि १० ॲम्पियर वीज ओढणारा भार लावून घड्याळ सुरू केलं. दहा तास चालायला हवी होती. पावणेचार तासांत संपली. म्हणजे शंभर नव्हे, जेमतेम ३७. दुसरीही तशीच. मग आमच्या सामानाच्या काट्याला बॅटरी लटकवली: सहा किलो. अशी खरी बॅटरी साधारण दहा ते तेरा किलोची असते. त्या माणसानं ती एका हातानं उचलली होती आणि "लिथियमचं हेच तर कौतुक" म्हणाला होता. इलेक्ट्रिशियननी एकीचं झाकण कापलं (हे घरी करू नका, आग लागू शकते). आत खरवडलेल्या लेबलांचे वापरलेले सेल, आणि उरलेल्या जागेत फोम.

पैसे गेले त्याचं वाईट वाटतं, पण मला राग त्याचा नाही. बसवताना त्यानं पलंगाशेजारचं मशीन पाहिलं होतं. हे ह्या बॅटऱ्यांवर रात्रभर चालेल का, असं मीच विचारलं होतं. "दोन रात्री चालेल, मॅडम."

आपली बरीच मंडळी आता निवृत्तीनंतर ट्रेलर घेतायत, म्हणून सांगते. बॅटरी घेताना वजन करा. विकणाऱ्यासमोर भार लावून काही तास चालवून बघा. तो थांबायला तयार नसेल तर घेऊ नका. तीन टक्के जास्त गेले तरी कार्डानं पैसे द्या, कारण कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेता येते. गाडीचा नंबर आणि सही केलेली पावती हवीच. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मी ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे) ग्राहक तक्रार भरली, तेव्हा त्या माणसाच्या नावाच्या रकान्यात पहिलं नाव एवढंच लिहिता आलं, आणि तेही त्याचं खरं होतं का कोण जाणे.

आता सीपॅपसाठी एक छोटी वेगळी बॅटरी पलंगाखाली असते. रोज झोपण्याआधी ती भरली आहे का, हे मी स्वतः बघते.