केंब्रिजची पंट राईड: आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा

लेक केंब्रिजला मास्टर्स करतेय म्हणून मे महिन्यात मी, मिसेस आणि आई जाऊन आलो. आपल्या भुसावळ-जळगावकडचे बरेच जण आता पोरांकडे तिकडे जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंट म्हणजे सपाट बुडाची लांबट होडी. इंजिन नाही की वल्हं नाही, मागच्या टोकावर पोरगा उभा राहतो आणि सोळाएक फुटी दांडा तळाला रोवून होडी पुढे रेटतो. आईचं माहेर चांगदेवजवळचं, ती बसल्या बसल्या म्हणाली, "हे तं आपल्या तापीवरच्या नावेसारखंच हाये रे भाऊ, तिथंबी बांबूच लावत." मग पाऊण तास तिचं निम्मं लक्ष त्या दांड्याकडेच. बघण्यासारखंच आहे ते. पोरगा दांडा सरळ वर उचलतो, हातातून मोकळा सोडतो, तो स्वतःच्या वजनाने खाली जातो, तळ लागला की हातावर हात टाकत दाबतो, आणि होडी पुढे सरकली की तोच दांडा मागे पाण्यात धरून सुकाणूसारखा वापरतो. प्रत्येक वेळी पाणी दांड्यावरून ओघळत त्याच्या कोपरापर्यंत यायचं.

आम्ही सिल्व्हर स्ट्रीटच्या बाजूने बसलो. बसल्याबरोबर क्वीन्स कॉलेजचा लाकडी मॅथमॅटिकल ब्रिज लागतो, मी शाळेत गणित शिकवतो त्यामुळे माझी नजर तिथेच अडकली. पुलाची कमान गोल दिसते पण एकही लाकूड वाकवलेलं नाही, सगळी सरळ, कमानीला स्पर्शिका काढाव्यात तशी बसवलेली. दहावीच्या पोरांना स्पर्शिका शिकवायला याहून चांगलं चित्र नाही, मी चार-पाच फोटो काढून आणलेत. पण आमच्या गाईडने सांगितलं की हा न्यूटनने नटबोल्ट न वापरता बांधला, ते मला अजिबात आवडलं नाही. न्यूटन १७२७ ला गेला, पूल १७४९ चा, आणि १९०५ ला पुन्हा बांधलेल्या पुलाचे बोल्ट होडीतून डोळ्यांना दिसतात. पैसे घेऊन माहिती देताय तर ती खरी द्या ना.

पुढे किंग्ज कॉलेजचं चॅपल म्हणजे प्रार्थनाघर, १४४६ ला सुरू झालेलं काम, हिरवळीपलीकडे उभं आहे, तिथे होडीतले सगळेच गप्प झाले. मग क्लेअरचा १६४० चा दगडी पूल, मग ट्रिनिटीची रेन लायब्ररी. रामानुजन ट्रिनिटीचेच, आणि त्यांची हरवलेली वही म्हणतात ती पानं १९७६ ला याच लायब्ररीत सापडली. गाईड यातलं काहीच बोलला नाही. सेंट जॉन्स कॉलेजच्या ब्रिज ऑफ साइझ म्हणजे उसाशांच्या पुलाखालून जाताना मीच आईला सांगितलं, आपले रँग्लर परांजपे या कॉलेजात शिकले, १८९९ ला सीनियर रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, कोकणातल्या खेड्यातला पोरगा. आई म्हणाली, "एवढ्या लांब, त्या काळी, बोटीनं आला आसंल." तिने त्या भिंतीला बसूनच हात जोडले. मराठी माणसाने हे एवढं तरी वाचून जावं, नाहीतर नुसत्या इमारती बघून परत याल.

तक्रार एकच पण मोठी. रस्त्यावर तिकीट विकणाऱ्याने फक्त तुमच्याच घरची होडी असं सांगितलं आणि काठावर गेल्यावर बारा जणांत कोंबलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण पैसे देण्याआधी किती जण आणि किती वेळ हे विचारून घ्या. बैठक एकदम खाली असते, पाय लांब करून बसावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांना उठताना दोघांचा आधार लागतो. मे महिन्यातही पाण्यावर गार वारा होता, शाल हवीच.

दुसऱ्या दिवशी लेकीने स्वतः चालवायची पंट भाड्याने घेतली. स्वस्त पडते, पण दांडा गाळात रुतला तर दांडा सोडायचा, होडी सोडायची नाही, हे तिने आम्हाला आधीच बजावलं होतं. दोनदा रुतला, दोनदा सोडला, होडीत छोटं वल्हं ठेवलेलं असतं त्याने मागे जाऊन आणला. म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे करू नका, आईला आम्ही काठावर बाकावर बसवलं होतं.

पहिल्या दिवशी उतरताना आईने त्या पोराचा तळहात बघितला, घट्टे पडलेले. पिशवीतून जळगावहून नेलेल्या केळी वेफर्सची पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली.