टॅप कार्ड बरेच महिने वापरल्यावर : बेळगावातून अनुभव

मागच्या दिवाळीपासून दोन कार्डं खिशात आहेत, एक बँकेचं टॅपवालं डेबिट, म्हणजे मशीनला नुसतं टेकवलं की पैसे जातात ते, आणि दुसरं पुण्याच्या मेट्रोसाठी घेतलेलं एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. कार्ड भारी आहे, पण आमच्याकडं टॅप करायला जागा पाहिजे की.

पहिलं म्हणजे नवीन कार्डावर टॅप बंदच येतं, २०२० पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ॲपमध्ये जाऊन चालू करावं लागतं. ५ हजारांपर्यंत पिन लागत नाही, तरी मधूनच एखाद्या वेळी मशीन पिन मागतं, बँक सेफ्टीसाठी तसं ठेवते, घाबरायचं काम नाही. मी स्वतःचं लिमिट हजारावर आणून ठेवलंय.

टिळकवाडीतल्या मोठ्या दुकानात, पेट्रोल पंपावर झकास चालतं. पण तिथला पोरगा सवयीनं कार्ड हातातून ओढून मशीनच्या फटीत घालतो आणि मग पिन मागतो, दर वेळी सांगायचं, अरे वरून टेकव रे नुसतं. टेकवलं की दिवे लागतात, टिंग वाजतं, झालं. खडे बाजारात मात्र मशीनच कमी, सगळीकडं क्यूआर आणि पैसे आले की बोलणारा डबा. दुकानदाराचंही बरोबर आहे म्हणा, यूपीआयला त्याला चार्ज नाही, क्रेडिट कार्ड घेतलं की कमिशन कटतं, वर मशीनचं भाडं. रुपे डेबिटला २०२० पासून तेही कमिशन नाही, पण हे त्याला कोण सांगणार, तो कार्ड बघूनच मान हलवतो.

खरी गंमत बसमध्ये. कंडक्टरकडं क्यूआर आहे, गावात मस्त चालतं. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं गेलं की रेंज गायब, ते गोल गोल फिरत बसतं, मागची माणसं खोळंबतात आणि कंडक्टर कानडीत म्हणतो, चिल्लर कोडी, म्हणजे सुट्टे द्या! मुळात इथंच टॅप पाहिजे होतं, कारण एनसीएमसीत थोडे पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, ते तिथनंच कटतात, रेंज लागत नाही. हे कार्ड २०१९ ला आलंय, एकच कार्ड मेट्रोला, बसला, दुकानात असं म्हणूनच आलं, पण माझ्या रूटच्या बसमध्ये ते टेकवायला मशीनच नाही. बायकांचं बरं आहे, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आधार दाखवलं की झिरो तिकीट, म्हणजे फुकट प्रवास, त्यापेक्षा फास्ट कॉन्टॅक्टलेस कुठलं असणार.

पुण्यात गेलो की मात्र वसूल, गेटवर टेकवलं की आत, तिकिटाची लाइन नाही. फक्त एक त्रास, ॲपवरून रिचार्ज केलं तरी पैसे लगेच कार्डात चढत नाहीत, स्टेशनवरच्या मशीनला लावून चढवावे लागतात. चिपमध्ये २ हजारांपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि हरवलं तर ते गेलेच समजा, म्हणून मी दोन-तीनशेच ठेवतो.

पुण्याला येणं-जाणं असेल तर एनसीएमसी घ्या. नुसतं बेळगाव-खानापूर करत असाल तर डेबिटवरचं टॅप चालू करा तेवढं, छोट्या पेमेंटला यूपीआय लाइट लावा, पिन टाकायची कटकट वाचते, आणि बससाठी सुट्टे खिशात ठेवाच.