खोका नवा, डिस्क जुनीच

ब्रेक डिस्क बदलल्याचं सांगून जुन्याच डिस्क घासून परत बसवायचा धंदा ठाण्यात चालतो. माझ्या गाडीवर तो झाला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण पद्धत मात्र सविस्तर सांगतो.

सुरुवात गंजापासून झाली. पावसाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो. डिस्क बिडाची असते, ती गंजणारच. पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो थर निघून जातो. माझी गाडी सर्व्हिसिंगला गेली ती नेमकी भिजलेली. गॅरेजवाल्यानं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "काका, डिस्क संपल्या. गायमुखच्या उतारावर गाडी थांबली नाही तर मला बोलू नका."

आधी त्यानं भोकं पाडलेल्या 'रेसिंगवाल्या' डिस्क गळ्यात मारायचा प्रयत्न केला. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला त्यांचा काडीचा उपयोग नाही, उलट भोकांपाशी तडे जायची भीती. मी नको म्हटलं. मग पुढच्या चाकांच्या कंपनीच्या साध्या डिस्क आणि नवे पॅड ठरले. होलोग्राम लावलेले सीलबंद खोके त्यानं माझ्यादेखत काउंटरवर ठेवले. संध्याकाळी गाडी मिळाली, रिकामे खोके पुरावा म्हणून डिकीत. बिल म्हणजे हातानं लिहिलेली चिठ्ठी: डिस्क सेट, पॅड, मजुरी, एकूण 8,400 रुपये. पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही.

थोड्याच दिवसांत उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. कोपरखैरण्यात एक जुना मेकॅनिक आहे, त्याच्याकडे गाडी नेली. चाक काढल्यावर त्यानं डिस्कच्या चकचकीत तोंडाकडे पाहिलंच नाही. टॉर्च मारला तो कडेला, दोन पात्यांमधल्या हवेच्या फटींत. आत गंजाच्या खपल्या आणि वाळलेला चिखल घट्ट बसलेला. "साहेब, नवी डिस्क आतून अशी असते का? ही लेथ मशीनवर घासून आलीय." मधल्या टोपीवर चंदेरी स्प्रे मारला होता, त्याचे शिंतोडे चाकाच्या बोल्टवरही उडालेले.

मग त्यानं टोपीवरचा रंग खरवडला. खाली ओतीव अक्षरं निघाली: MIN TH 20. म्हणजे 20 मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की डिस्क भंगारात. नवी असताना ती 22 ची. कडेला उंच काठ राहिला असेल तर व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं सरकतं माप, त्या काठावरच टेकतो आणि माप जास्त दाखवतो, म्हणून मेकॅनिकनं डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून माप घेतलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. आलं 19.4. मूळ डिस्क कदाचित अजून बरीच चालली असती; या भामट्यानं घासून तिचा जीवच काढला. पातळ डिस्क लवकर तापते, आणि लेथवर ती नीट मध्यात धरली नाही तर थरथर ठरलेलीच.

तेव्हा 'डिस्क गेली' असं कुणी म्हणालं, तर आधी व्हर्निअर लावायला सांगा आणि आकडा डिस्कवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. भेगा, खोल चरे किंवा थरथर असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या गंजासाठी खिशात हात घालू नका. बदलायचीच वेळ आली तर दोन्ही बाजूंची जोडी बदला, फिटिंगच्या वेळी तिथेच उभे राहा आणि काढलेल्या डिस्क मागून घ्या. मला हे आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जुना माल तुमच्या डिकीत असला की तो परत चाकात जाणार कसा? पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिलही घ्या. बऱ्याच नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरनं पुसायलाच हवं, नाहीतर नवे पॅड वाया.

मी मेकॅनिकनं काढलेले फोटो घेऊन परत गेलो. आधी गॅरेजवाला "कंपनीचाच माल तसा येतो" म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर त्याच्यासमोर लावला, तसा गल्ल्यातून डिस्कचे पैसे काढून दिले. मजुरीचे द्यायला मात्र अजून तयार नाही. ती तक्रार चालू आहे.